शंभरातली सात

मला मोजता येतं, याचा मला फार माज होता. वडील भुसावळच्या यार्डात मालगाडीच्या वाघिणींचे नंबर टिपून घ्यायचे. गाडी हळू सरकत असताना रुळाच्या कडेला उभं राहून पन्नास-साठ वाघिणींचे नंबर लिहायचे आणि एकही चुकायचा नाही. लहानपणी मी त्यांच्याशी पैज लावायची आणि हरायची. पुढेपुढे हरायचं बंद झालं. वनरक्षकाची नोकरी लागली तेव्हा घरातले म्हणाले, ही पोरगी जंगलात जाऊन काय करणार. मी म्हटलं, झाडं मोजेन.

यावलच्या वर, सातपुड्याच्या दोन रांगा ओलांडल्या की हिवरपाणी नावाचा पाडा लागतो. खाली मैदानात केळीच्या बागा, पाणी, ट्रॅक्टर, सगळं हिरवंगार. वर मात्र मुरूम, काळा कातळ आणि वर्षातले आठ महिने पिवळं गवत. माझी बीट, म्हणजे राखायचं जंगल, तिथे. पाड्यामागच्या उतारावर चार हेक्टरचा एक प्लॉट होता, अंजनाचा. मी बदलून आले तेव्हा त्याला तीन पावसाळे होऊन गेले होते.

अंजन खानदेशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, पान आपट्यासारखं पण छोटं, आणि दुष्काळात दुसरं काही उरलं नाही की गुरांना याचाच पाला. जिथे माती नाही, नुसता फुटलेला खडक आहे, तिथे हे झाड उभं असतं. पण लावायला गेलं की लागत नाही. पिशवीतलं रोप नेऊन लावा, दोन वर्षं बरं दिसतं आणि तिसऱ्या उन्हाळ्यात जातं.

या प्लॉटात रोपं लावलीच नव्हती. बी पेरलं होतं. ही कल्पना रुपलीताईची. रुपली पाड्यातलीच, पंचेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांची, हातापायांनी काटक आणि बोलायला कमी. माहेर शिरपूरकडचं, त्यामुळे घरात पावरी बोली आणि आमच्यासारख्यांशी अहिराणी. खालच्या रोपवाटिकेत तिने बारा वर्षं पिशव्या भरल्या होत्या. तिथलं एक मेलेलं अंजनाचं झाड तिने एकदा उपटून पाहिलं. लावून पाच वर्षं झालेलं. पिशवी तर लावतानाच फाडून टाकली होती, पण मूळ पिशवीच्याच आकाराचं राहिलं होतं, गोल गोल गुंडाळलेलं, वीतभर. ते खाली गेलंच नव्हतं. त्या दिवसापासून तिने धोशा लावला की अंजनाला पिशवी नको, बी थेट जमिनीत टाका.

वनसमितीच्या बैठकीत तिने पाड्याकडून हा प्लॉट मागून घेतला. मागून घेतला म्हणजे पाच वर्षं त्या उतारावर कुणी शेळी चारायची नाही, असं सगळ्या पाड्याकडून कबूल करून घेतलं. सोपं नव्हतं. तो उतार पाड्याला लागून. तिचा दीर सुकलाल याच्या चाळीस शेळ्या. त्याला त्या दिवसापासून शेळ्या घेऊन नाल्याला वळसा घालून पलीकडच्या डोंगरावर जावं लागायचं, रोजची दोन तासांची जास्तीची पायपीट. तो वाकडा माणूस नव्हता. त्याने एवढंच विचारलं होतं, आणि काही उगवलं नाही तर? रुपली सगळ्यांसमोर म्हणाली होती की उगवेल, नाही उगवलं तर मला विचारा.

एवढं सगळं मला नंतर कळलं. मी आले तेव्हा मला फक्त रजिस्टर मिळालं.

रजिस्टर माझ्या आधीच्या वनरक्षकाचं, रतिलालभाऊंचं. ते निवृत्त होऊन बोदवडला गेले होते. पहिल्या वर्षी, ऑक्टोबरात, बी टाकलेल्या जागी नमुन्यासाठी ठोकलेल्या शंभर खुंट्यांपैकी चौऱ्याऐंशी जिवंत, उंची वीतभर. दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरात, एकोणऐंशी जिवंत, उंची वीतभर. तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबरात, शहात्तर जिवंत, उंची वीतभर. माझं डोकंच फिरलं. तीन वर्षांत रोप एक बोटसुद्धा वाढत नाही? हे घरी बसून चहा पीत पीत भरलेले आकडे आहेत, मागच्या पानावरून पुढच्या पानावर उतरवलेले, असं मी मनाशी पक्कं केलं. अशा माणसांचा मला फार राग येतो. आणि माझा राग एकदा नाकावर आला की बराच वेळ तिथेच बसतो.

मार्चअखेर मी स्वतः मोजणी केली. शंभर खुंट्या, प्रत्येक खुंटीपाशी गुडघे टेकून. प्रत्येक खुंटीपाशी एक वाळकी काडी होती, फार तर काडेपेटीतल्या काडीपेक्षा जरा जाड. आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं की शंका आली तर नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर मेलेलं. मी शंभर काड्या खरवडल्या. जमिनीला टेकेपर्यंत खरवडल्या. ओढून पाहिल्या तर कित्येक काड्या तुटून हातातच आल्या. शंभरात सात हिरव्या.

रुपलीताई माझ्यामागून फिरत होती. ती म्हणाली, "त्या मरेल नही शेतस, मॅडम. झोपेल शेतस."

मेल्या नाहीत, झोपल्या आहेत म्हणे. मी हसले. हसायला नको होतं. मी तिला समजावून सांगितलं की झाड झोपतं म्हणजे पानं गाळतं, साल आतून वाळत नाही. मी रजिस्टरात लिहिलं, जिवंत सात टक्के, आणि खाली शेरा मारला की मागील नोंदी विश्वासार्ह वाटत नाहीत. सही केली, तारीख टाकली आणि खाली उतरताना मला बरं वाटत होतं, हे कबूल करते.

त्या सहीचं पुढे काय होईल, याचा मी विचारच केला नव्हता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भारंबे साहेबांनी, म्हणजे आमच्या रेंज ऑफिसरांनी, मला बोलावून सांगितलं की सात टक्के म्हणजे प्लॉट अयशस्वी. पावसाआधी तो साफ करायचा, मशिनने खड्डे घ्यायचे आणि जून-जुलैत उंच रोपं लावायची, शिरस, कडुनिंब, ग्लिरिसिडिया, जे मिळेल ते. मशीन सोमवारी येणार. पाड्यात जाऊन सांगून ये, म्हणजे ऐन वेळी कटकट नको.

शुक्रवारी सकाळी मी गेले. रुपलीताई अंगणात मोहाची टोळंबी, म्हणजे तेलाच्या बिया, फोडत बसली होती. सुकलालही होता, शेळ्या सोडायच्या तयारीत. तिचा सासरा बिजलाआबा खाटेवर. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सगळ्यात आधी सुकलालचा चेहरा बदलला. तो ओरडला नाही. वहिनीकडे न बघता मला म्हणाला की मग उतार आजपासूनच मोकळा समजायचा ना, तीन वर्षं मी वळसा घालतोय. सोमवारपर्यंत थांब, असं मी त्याला म्हटलं, आणि म्हणताना मला कळेना की कशासाठी थांब म्हणतेय.

रुपलीताईने दगड खाली ठेवला. तिने मला एकच गोष्ट विचारली.

"तुमी मूय दखी का?"

मूळ पाहिलं का. नव्हतं पाहिलं. मोजणीच्या तक्त्यात मुळाचा रकानाच नसतो. मी हे तिला सांगितलं, आणि बोलता बोलता माझं मलाच ते फार हास्यास्पद वाटलं. वाघिणीचा नंबर न बघता नुसता धूर बघून गाडी निघून गेली असं लिहिण्यासारखं ते होतं. पण रागीट माणसाला आपलं चुकलं असेल हे पटकन गिळता येत नाही. मी म्हटलं, ठीक आहे, खणू. एक खणून बघू. काही निघालं नाही तर मात्र तुम्ही पुन्हा हा विषय काढायचा नाही.

बिजलाआबा खाटेवरून उठले.

आबांनी उभ्या आयुष्यात विहिरी खोदल्या होत्या. यावलपासून पार धडगावपर्यंत. आता सत्तरी ओलांडलेली, एक डोळा पांढरा झालेला, पण सब्बल, म्हणजे पहार, हातात घेतली की माणूस दहा वर्षांनी तरणा दिसायचा. शनिवारी सकाळी आम्ही तिघं उतारावर गेलो. खुंटी बेचाळीस. मी मार्चमध्ये तिथे मेलेलं लिहिलं होतं. काडी तर माझ्याच हाताने तुटली होती, जमिनीवर काही दिसतच नव्हतं.

मला वाटलं होतं की खुंटीपाशी खणायचं. आबांनी मला बाजूला सारलं. त्यांनी खुंटीपासून दोन हात सोडून, उताराच्या खालच्या अंगाला, उभा खड्डा घ्यायला सुरुवात केली. विहिरीची बाजू ढासळू न देता खणतात तसा, सरळ भिंतीचा. एवढ्या लांब का, असं विचारल्यावर रुपलीताईने सांगितलं की मुळाला वरून गाठायला गेलं की कुदळीने तुटतं आणि मग कळत नाही की ते तेवढंच होतं की आपण तोडलं. आधी बाजूला खोल जायचं, मग आडवं यायचं, आणि शेवटच्या वीतभराला लोखंड लावायचं नाही. त्यासाठी तिने बाभळीची टोकदार काठी आणली होती.

पहिला हात माती. माती म्हणजे काय, तांबडी धूळ. त्याखाली मुरूम. सब्बल मारली की ठण्ण वाजायचं आणि मूठभर निघायचं. मेचं ऊन. मी खाकी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि घमेली उचलायला लागले. दुपारपर्यंत दोन्ही तळव्यांना फोड आले. आबा दर अर्ध्या तासाने थांबायचे, पाणी प्यायचे आणि माझ्या फोडांकडे बघून मजेने मान हलवायचे. संध्याकाळी खड्डा माझ्या छातीइतका झाला आणि आम्ही थांबलो.

रविवारी आडवं खणायला लागलो. हे काम रुपलीताईचं. ती खड्ड्यात बसून भिंतीत काठीने थोडं थोडं कोरायची, बोटांनी माती काढायची. मी वर बसले होते, डोळे मिटायला लागले होते. मग तिच्या हाताचा आवाज बंद झाला.

मी खाली वाकून पाहिलं. भिंतीत, जमिनीपासून हातभर खाली, एक मूळ होतं. अंगठ्याएवढं जाड. वर काडेपेटीतली काडी आणि खाली हे. तिने नखाने किंचित खरवडलं. आत पांढरं, ओलं, कच्च्या खोबऱ्यासारखं. मी हात लावला. मेमध्ये, त्या उतारावर, जिथे माझ्या बाटलीतलं पाणीसुद्धा गरम झालं होतं, तिथे ते मूळ गार होतं.

माझ्या डोळ्यांसमोर रतिलालभाऊंचं रजिस्टर आलं, तीन वर्षं लिहिलेलं तेच ते वीतभर. तो माणूस दर ऑक्टोबरला इथे येऊन, गुडघे टेकून, खरंखुरं मोजून गेला होता. दर उन्हाळ्यात वरची काडी मरायची, दर पावसाळ्यात नवी वीतभर यायची, आणि बाकीचं सगळं झाड खाली जात होतं. आणि मी त्यांना खोटारडं ठरवून, त्यावर सही करून, खुशीत घरी गेले होते. लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

आम्ही मुळाच्या मागे मागे खाली गेलो. मूळ सरळ खाली चाललं होतं. कमरेइतकं, छातीइतकं. आबांना आणखी खणावं लागलं. माणूसभर खोलीला मुरूम संपला आणि काळा कातळ लागला. मला वाटलं, इथे संपलं. पण कातळात एक भेग होती, जेमतेम सुरीचं पातं जाईल एवढी, आणि मूळ तिथे चपटं झालं होतं. भेगेत शिरलं होतं. आबांनी भेगेवर बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या गालाला लावलं. ओलं होतं.

"मनी विहीर आठे सात हातवर थांबनी," आबा म्हणाले. "हाई पोर मना फुढे गयं."

पाड्याच्या खालच्या बाजूला आबांनी तरुणपणी एक विहीर घेतली होती, ती सात हातांवर कातळ लागल्यावर सोडून द्यावी लागली होती, हे रुपलीताईने मला सांगितलं. आबा भेगेपाशी बसूनच राहिले. खड्ड्यातून वर यायला त्यांना आम्ही दोघींनी हात दिला.

सोमवारी आठ वाजता मशीन आलं. चालवणारा भूषण नावाचा फैजपूरचा मुलगा, कानात इअरफोन. मागून जीपमधून भारंबे साहेब. वर पाड्यातली तीस-चाळीस माणसं जमली होती. सुकलाल उताराच्या कडेला शेळ्या घेऊन उभा. मशीन चाललं तर उतार त्याचा, नाही चाललं तर वळसा, एवढं सरळ होतं ते.

मी साहेबांना खड्ड्यात उतरवलं. ते जाड माणूस, पण उतरले. मूळ पाहिलं, भेग पाहिली, बराच वेळ पाहिलं. वर आल्यावर रुमालाने मान पुसत म्हणाले की सुलक्षणा, हे छान आहे, पण हे एक झाड आहे. तुझ्या सहीने त्र्याण्णव मेलेली आहेत. त्यातलं एक जिवंत निघालं, तर ब्याण्णव मेलेली राहतात. मी एका मुळावर वरच्यांना काय उत्तर देऊ?

ते बरोबर बोलत होते, आणि तेच मला झोंबलं. मी त्यांच्या जागी असते तर हेच बोलले असते. एक मोजून शंभराचं सांगता येत नाही. मी रुपलीताईला न विचारता बोलून गेले. म्हटलं, साहेब, मशीन आलंच आहे. एकावन्न ते साठ ही ओळ, दहाच्या दहा मी मेलेली लिहिलेली आहेत. ओळीला लागून मशिनने चर घेऊ, मुळं भिंतीत दिसतील. अर्ध्याहून जास्त जिवंत निघाली तर माझा अहवाल चुकला, मी तसं लिहून देते. नाही निघाली तर तुम्ही खड्डे घ्या.

साहेबांनी विचार केला आणि हो म्हणाले.

मग मी रुपलीताईकडे पाहिलं. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. चिडली होती ती, माझ्यावर. चर म्हणजे त्या दहा रोपांच्या मुळांना एका अंगाने उघडं पाडणं, मेच्या उन्हात, आणि यंत्राचा दात जरा इकडे तिकडे झाला की तोडणं. मी तिच्या दहा झाडांची पैज लावली होती आणि तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

"दहा जातीन," ती म्हणाली.

मी म्हटलं, ताई, नाहीतर सगळी जातील. ती उताराकडे बघत राहिली. पाडा तिच्याकडे बघत होता. मग तिने पायातली चप्पल काढली, ओळीपासून एक हात सोडून टाचेने जमिनीवर रेघ ओढली, एकावन्नपासून साठपर्यंत, आणि भूषणला सांगितलं की रेघेच्या आत आलास तर याद राख. त्या पोराने इअरफोन काढून खिशात टाकले.

त्याने काम सुरेख केलं, हे सांगायलाच हवं. केळीच्या बागेत पाइपलाइनचे चर घेऊन त्याचा हात बसलेला. बादली हळू उतरवायचा, थांबायचा, रेघेकडे बघायचा, परत उतरवायचा. तासाभरात कमरेइतका खोल चर झाला. मग रुपलीताई आणि मी आत उतरलो, तिची काठी, माझं नख. साहेब वरून रजिस्टर घेऊन उभे.

एकावन्न. वीतभर खोल जाऊन मूळ संपलेलं, पोकळ, वाळवीने खाल्लेलं. मेलेलं.

बावन्न. मूळ होतं, पण खरवडलं तर तपकिरी. मी आणखी खाली खरवडलं. तपकिरीच. मेलेलं.

वर कुणीतरी खाकरलं. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या. मला एवढंच कळत होतं की हा उतार गेला तर तो माझ्या नखाने जाणार आहे, मार्चमध्येही आणि आताही.

त्रेपन्नला रुपलीताईने कोरायला सुरुवात केली. दोन बोटं कोरून ती थांबली. मी काठी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः कोरलं. मूळ दिसलं, अंगठ्याएवढं. खरवडलं. पांढरं.

चोपन्न पांढरं. पंचावन्न पांढरं. छप्पन्नला मूळ दगडाला आडवं लागून, त्याला वळसा घालून पुन्हा खाली गेलेलं, तेही पांढरं. सत्तावन्न मेलेलं. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ, तिन्ही पांढरी. दहात सात. साहेबांनी दोनदा विचारलं, दोनदा मोजलं, मग स्वतः चरात उतरून साठ नंबरला नख लावलं आणि ते नख बघत उभे राहिले.

पुढचं लवकर झालं. साहेबांनी जागेवर पंचनामा लिहिला, प्लॉटची फेरमोजणी पावसानंतर, तोपर्यंत काम स्थगित. मी खाली लिहून दिलं की माझी मार्चची मोजणी जमिनीवरची होती आणि चुकीची होती, आणि आधीच्या नोंदींबद्दलचा माझा शेरा मी मागे घेते. लिहिताना हात अडला नाही. भूषणने मशीन वळवलं. सुकलालने चरात एकदा डोकावून पाहिलं, वहिनीला पावरीत काहीतरी म्हणाला, ती हसली नाही पण तिने मान हलवली, आणि तो शेळ्या हाकत नाल्याच्या वाटेला लागला, वळसा घालून.

सप्टेंबरात मी आणि रुपलीताईने मिळून मोजणी केली. शंभरात एकाहत्तर निघाली. चरालगतच्या सातातली दोन गेली, पाच आली. बोदवडला फोन करून रतिलालभाऊंना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले की पोरी, मलाही पहिल्या वर्षी असंच वाटलं होतं, फक्त मी आळशी म्हणून लिहिलं नाही. मोठा माणूस.

पण मला आठवते ती त्या सोमवारची दुपार. जीप गेली होती, पण पाड्यातली माणसं अजून चराच्या काठावर वाकून मोबाइलवर फोटो काढत होती. पोरं चरात उतरून मुळांच्या शेजारी उभी राहत होती. ऊन थेट भिंतीवर पडत होतं, आणि पांढरी मुळं माझ्या डोळ्यांदेखत सुकून पिवळट व्हायला लागली होती.

रुपलीताईने फावडं घेतलं.

"फोटू व्हई गयात ना? मंग आते बुजा."

सगळे हलले. कुणी घमेलं आणलं, कुणी हातानेच माती लोटायला लागलं. मशीन थांबवू का, असं मी विचारलं होतं, तर ती म्हणाली होती की बुजायला यंत्र नको, दाबून बुजावं लागतं, पोकळी राहिली तर मूळ वाळतं. ती स्वतः चरात उभी राहून, एकेका मुळाभोवती हाताने माती दाबत होती. बिजलाआबा काठावर बसून हंड्यातलं पाणी तांब्याने खाली देत होते. मी तिच्या शेजारी उतरले, घमेलं धरून.

मी तिची माफी मागितली. दहा झाडांसाठी, त्या हसण्यासाठी, सगळ्यासाठीच. आणि म्हटलं की ताई, तुम्हाला इतकं पक्कं माहीत होतं तर मार्चमध्येच मला हाताला धरून खणायला का नाही लावलं?

ती माती दाबत होती. पुढच्या मुळाकडे सरकली. मला वाटलं, अजून रागावली आहे. मग तिने पाहिलं की वरचं कुणी ऐकत नाही, आणि खालच्या आवाजात म्हणाली,

"माले कोठे माहीत व्हतं, मॅडम? माले बी काल-आजच समजनं. खंदीसन दखाले मी बी भ्यायेल व्हती."

तीन उन्हाळे तिने या उतारावर वाळक्या काड्या पाहिल्या होत्या. तीन वर्षं पाड्याला सांगितलं होतं, सुकलालला सांगितलं होतं, रतिलालभाऊंना, मला. झोपली आहेत, येतील. आणि तिच्या मनात रोज तीच भीती होती जी मी रजिस्टरात लिहून मोकळी झाले होते. आत काहीच नसेल तर, म्हणून तिने कधी खणलंच नव्हतं. शुक्रवारी तिने मला मुळाचं विचारलं तेव्हा ती काही वाचेल या खात्रीने नाही, सगळं हरायला तयार होऊन बोलली होती. मी विचारलं, मग इतकी वर्षं सगळ्यांना जिवंत आहेत म्हणून का सांगत होतात?

"कोनी तरी सांगाले पाहिजे व्हतं ना," ती म्हणाली, आणि माझ्या हातातलं घमेलं काढून घेतलं, कारण मी ते धरून नुसतीच उभी होते.